पायथ्याशी त्यांना जाऊ दे

प्रिय पोरी,

परवा घाटाच्या रेसमध्ये फिनिशपाशी तू मला बघून तोंड वळवलंस. सायकल भिंतीला टेकवून खाली बसलीस आणि एवढंच म्हणालीस, "काका, घाटात पाय संपलेच." त्यानंतर तुला काही विचारायचा धीर झाला नाही, म्हणून आता लिहितोय.

पाय घाटात संपले नाहीत. ते पायथ्याच्या पहिल्या पाचशे मीटरमध्ये संपले. मी त्या वळणावर उभा होतो. पुढचे सात-आठ जण पेडलवर उभे राहिले आणि तूही लगेच उठलीस. तुझं तोंड उघडं होतं, खांदे हलत होते, आणि नजर समोरच्याच्या मागच्या चाकावर खिळली होती.

ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरच्या सपाट रस्त्यावर आपण घोळक्यात चालवतो आणि तिथे समोरचं चाक सुटलं की खेळ संपला, हे मीच तुला शिकवलंय. सपाटीवर ते खरंच आहे. ताशी 35 किलोमीटरला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. कुणाच्या मागे राहिलं तर चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त वाचते. पण घाटात वेग दहावर येतो. तिथे वारा जवळजवळ नसतोच, तिथे फक्त स्वतःचं आणि सायकलचं वजन वर न्यायचं असतं. समोरच्याचं चाक तुला तिथे काहीच देत नाही. त्याच्यासाठी तू सगळं देऊन बसलीस.

माझ्या पहिल्या घाटाच्या रेसमध्ये मीही असाच धावलो होतो. दोन वळणं पुढच्यांबरोबर टिकलो, तिसऱ्यावर मांडीत गोळा आला. मग बाजूनं एकेक जण जायला लागला, सरावात माझ्या मागे राहणारेसुद्धा. त्यांचा श्वास एका लयीत होता. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून पायथ्याशी त्यांना जाऊ दे. हे सोपं नाही. मन ओरडतं, की आपण मागे पडलो. ओरडू दे. पहिली काही मिनिटं एक अख्खं वाक्य बोलता येईल इतकाच जोर लाव. निम्मा चढ झाला की मग बघ, पुढचे काही जण तुझ्याकडे परत येऊ लागतील.

आता गिअर. तुझ्या पुढच्या लहान चकतीला 34 दाते आहेत आणि मागे सगळ्यात मोठी 25 ची. दहाच्या वेगाला तुला पेडलचे मिनिटाला 58 च फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्यानं उचलावा लागतो. मागे 32 ची चकती असेल तर त्याच वेगाला 75 फेरे होतील. मोठी चकती लावण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, 32 दाते घेतो का, ते दुकानात आधी विचार.

खाण्याचं थोडक्यात: पोहे सुटण्याच्या तीन तास आधी, आणि रस्त्यात भूक लागायची वाट बघायची नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी खजूर किंवा अर्धं केळं. चढ सुरू व्हायच्या आधी गिळून झालेलं असावं, धापेत घास उतरत नाही.

उताराबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरचा पाय खाली, वजन त्याच्यावर, आणि नजर जिथे जायचंय तिथे. दरीकडे बघितलंस तर सायकल तिकडेच जाते. गेलेला वेळ उतारावर भरून काढायला जाऊ नकोस. वर पोचलीस की मागून येणाऱ्या तिघा-चौघांसाठी जरा दम धर, कारण सपाटी आली की वारा परत आला. तिथे चाक धरायचं.

रविवारी पहाटे पाचला महू नाक्यावर ये. महूवरून जाम दरवाजापर्यंत आरामात जाऊ, अहिल्याबाईंच्या त्या कमानीखालून निमाडात उतरू आणि मग तोच घाट परत चढू. मी तुझ्या मागे राहीन आणि बोलत राहीन; तुला उत्तरं द्यायची आहेत. उत्तर तुटलं की वेग कमी करायचा. दोन बाटल्या घे, एकीत लिंबू, मीठ, साखर. 32 ची चकती त्याआधी बसली तर बरं, नाही बसली तरी ये.

तुझा,
काका