ज्या गेटातून तुम्ही गेलात त्याच गेटातून मुलगी जाणार, मग?

दादा नमस्कार, पत्र दोनदा वाचलं. मुलीची एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आलीये, तिला रेडिओलॉजी नकोय, एएफआयएच, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्याचा डॉक्टरांसाठीचा कोर्स, करून लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीची डॉक्टर व्हायचंय, आणि तुम्ही तिथेच २२ वर्षं ऑपरेटर, म्हणून महिनाभर घरात अबोला. "मी डबा घेऊन ज्या गेटातून गेलो त्याच गेटातून माझी डॉक्टर पोरगी जाणार?" हे तुमचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. त्या गेटाची लाज का वाटावी हो? तिची फी त्याच गेटाच्या आतल्या पगारातून भरली गेली, आणि हे तिला पक्कं माहितीये म्हणून तर ती तिकडे वळतेय. अबोला धरून तुम्ही तिला नीट-पीजीच्या परीक्षेला बसवालही, पण स्पष्ट सांगते, हा हट्ट चार लोकांत सांगायला बरं वाटावं म्हणून आहे, तिच्यासाठी नाही.

आता "कंपनीचा डॉक्टर म्हणजे मलमपट्टी आणि फिटनेसवर सही" हे. काही ठिकाणी तेवढंच चालतं, खरंय, पण ते काम न करणं झालं. खरं काम म्हणजे कामावर लावायच्या आधी तपासणी, मग दरवर्षी, कुठल्या प्लांटात कसली वाफ आणि कसली धूळ ते स्वतः आत फिरून बघायचं, आणि एकाच शिफ्टमधल्या चौघांची फुंकून करायची फुफ्फुसाची टेस्ट घसरली तर चौघांना गोळ्या देऊन मोकळं न होता एक्झॉस्ट नीट ओढतोय का, गळती कुठेय, ते मॅनेजरला लेखी विचारायचं. वेंगुर्ल्याला काजू फोडणाऱ्या बायकांचे हात मी बघितलेत, टरफलाच्या चिकाने काळे पडलेले, बोटांची सालं निघालेली, आणि दवाखान्यात मलम मिळतं पण काम काय करता हे कुणी विचारत नाही. पेशंटला हा प्रश्न विचारा असं रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने १७०० सालीच लिहून ठेवलंय!

एएफआयएच ३ महिन्यांचा, सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये होतो, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना असं ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर लागतोच, आणि पुढे एमडी करावंसं वाटलं तर तेही करता येतं.

पण पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत ते मला जास्त टोचलं. कॉम्प्रेसर हाऊसला ड्युटी, वय ४८, टीव्हीचा आवाज मोठा लागतो, मुलगी कान तपासा म्हणून मागे लागलीये आणि तुम्ही म्हणता वयोमानाने होतं. ४८ला टीव्ही ऐकू येईना हे वयावर ढकलू नका. मशीनच्या आवाजाने गेलेल्या कानाचा आलेख बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडल्यासारखा दिसतो, आणि गेलेलं ऐकू येणं औषधाने परत येत नाही, उरलेलं तेवढं वाचवता येतं. घरात ती तेच काम करतेय, पहिला पेशंट तुम्ही आहात, आणि तुम्ही तिच्याशी बोलत नाही.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. वीकली ऑफच्या दिवशी सकाळी जा, आदल्या दिवशीची ड्युटी संपून १४-१५ तास तरी झालेले असू देत, तेवढ्यात मोठा आवाज कानावर पडू देऊ नका. आणि कंपनीतले आधीचे तपासणीचे कागद मागून घ्या, ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. जाताना तिला बरोबर न्या.