गाडीच्या इंजिनातून ‘स्स्स’ असा आवाज येतो, इंजिन उघडावं लागेल का?

नाही. कुणी उघडायलाच निघाला असेल तर चावी परत घ्या आणि गाडी बाहेर काढा.

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल गाडी आहे, सिग्नलला उभी असताना आवाज येतो, रेस दिली की दबतो आणि ब्रेक जरा कडक वाटतो. मग निम्मं निदान तुम्हीच केलंय. इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम भरपूर असतो, म्हणून फट असेल तर उभ्या गाडीत आवाज येतो. रेस देऊन थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडली की व्हॅक्यूम पडतो, आवाजही पडतो. ब्रेक दाबायला जोर कमी लागावा म्हणून असलेला बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पेडल कडक.

माझ्या गाडीला डिट्टो हेच झालं होतं. संध्याकाळच्या गर्दीत हायवेनं मुलुंडला येताना विक्रोळीच्या पुढे ब्रेक लागण्यासाठी अक्षरशः पेडलवर उभं राहावं लागलं. सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला, पी0171 कोड आला. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हवा कुठून शिरतेय ते कोड सांगत नाही. तरी तिथल्या टायवाल्या पोरानं थ्रॉटल बॉडी, ऑक्सिजन सेन्सर, अमुक तमुक करत पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवलं. तोवर चालू इंजिनाजवळ वाकून ऐकायचे कष्ट एकानंही घेतले नव्हते.

गाडी सायनच्या आमच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवत राहिला. बूस्टरच्या जाड पाईपापाशी थांबला. पाईपाच्या खालच्या अंगाला अंगठा दाबला. आवाज बंद, आयडलिंग जागेवर. पाईप काढून उलटा केला तर शाळकरी पोरानं चघळलेल्या पेन्सिलीसारखा दिसत होता. आणि बॅटरीच्या ट्रेमध्ये ज्वारी. मूठभर, निम्मी टरफलं.

आता इंजिनात ज्वारी कुठून येणार? आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी पार्किंगच्या पत्र्यावर कबुतरांना दाणे टाकतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, तेव्हापासून तर यांनी कोटाच वाढवला. कबुतरं खातात त्याहून जास्त खाली सांडतं, आणि रात्री उंदरांची पंगत. पोट भरलं की बॉनेटखाली ऊब असतेच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका म्हणाले, उंदीर गटारातून येतात, दाण्यांचा काय संबंध? येत असतील, पण गटारात ज्वारी पिकते का? मी पाईप टेबलावर ठेवला. तर म्हणे, हा उन्हानं तडकलाय. उन्हानं तडकलेल्या रबराला दातांच्या जोड्या उमटत नाहीत, काका.

असो, तुमच्या गाडीकडे येतो. पाईपाला टेप गुंडाळू नका, बदला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळून जाईल, पण बूस्टरचाच व्हॅक्यूम पाईप मागा. साधा पाण्याचा पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो. पाईपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो उलटा बसवू देऊ नका. मग इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारा आणि पाय दाबून ठेवून स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. ब्रेक दाबून धरल्यावर पायाशीच ‘स्स्स’ येत राहिला तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो, मग खर्चाला तयार राहा. तोवर खंडाळ्याचा घाट वगैरे अजिबात नको.

पाईप शाबूत निघाला तर इनटेकचं गॅस्केट आणि बारीक व्हॅक्यूम नळ्या बघायला सांगा. एसी बंद केल्यावर काही सेकंद येणारा आवाज नॉर्मल आहे. गरम गाडी बंद केल्यावर येत असेल आणि गोडसर वास असेल तर कूलंट गळतंय. रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका, आत प्रेशर असतं आणि पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं. आणि हो, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: गाडी घेतल्यानंतर सीएनजी बसवून घेतला असेल आणि गॅसचा वास येत असेल तर वरचं सगळं विसरा. इंजिन बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, सगळे गाडीबाहेर, आणि परत स्टार्ट करून बघायचं नाही. त्या सिलिंडरात 200 बारपर्यंत प्रेशर असतं.

बॉनेट उघडाल तेव्हा बॅटरीच्या ट्रेमध्ये आणि एअर फिल्टरच्या डब्यात दाणे, लेंड्या दिसतात का तेही बघा. दिसले तर जागेवरच फोटो काढा आणि सोसायटीला लेखी द्या, तोंडी सांगून काही होत नाही. जुना पाईप मेकॅनिककडे टाकून येऊ नका, पुढच्या मीटिंगला लागतो. माझा अजून कपाटात आहे. काका यंदा कमिटीला उभे राहतायत.