‘हे जेईईला येणार आहे का?’

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला 93 टक्के होते, पण जेईईच्या क्लासमधल्या टेस्टचे मार्क सतत घसरताहेत. रात्री ती मोबाइलवर छोटे छोटे व्हिडिओ बघत बसते. वाईट काही नाही. चित्रं, ग्रहतारे, जुनी देवळं, राजेरजवाडे असलंच. आधी जेवताना ते सगळं आम्हाला सांगायची. एकदा म्हणाली, अजिंठ्याच्या चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानातून यायचा. मी एवढंच विचारलं, हे जेईईला येणार आहे का? हल्ली सांगणंही बंद झालंय. रोज किती वेळ बघते ते मी वहीत लिहून ठेवत होतो, गेल्या महिन्यात मोबाइलच काढून घेतला. फरक नाही. तिचे काका म्हणतात, आधी इंजिनिअरिंग होऊ द्या, इतिहास आवडतो तर पुढे यूपीएससी आहेच. ही सवय कशी सोडवावी? क्लासचा दुसरा हप्ता याच महिन्यात भरायचा आहे.
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रात मार्क आहेत, मोबाइल आहे, हप्ता आहे. मी अडकले ती ‘हल्ली सांगणंही बंद झालंय’ या वाक्यापाशी. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत आणि लगेच वहीकडे वळलात. खरं तर पत्राचा विषय तोच होता.

कॉलेज आणि क्लास करून दमून आलेली मुलगी पोळी मोडता मोडता आईबाबांना अजिंठ्याचं काहीतरी सांगते. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांची रड अशी असते की मुलं ‘काही नाही’ आणि ‘ठीक आहे’ याच्यापुढे बोलतच नाहीत. तुमची बोलत होती. तुम्ही तिच्यावर ओरडला नाहीत, हे मान्य. पण त्या एका प्रश्नातून तिला कळलं की या घरात कुठल्याही माहितीला आत यायचं तर आधी तिकीट दाखवावं लागतं. ओरडा मुलं विसरतात. हे विसरत नाहीत.

मोबाइल काढून घेतल्याने बघणं पूर्ण थांबलं असेल, असं मला वाटत नाही. मैत्रिणींकडे मोबाइल आहेत. गेलं ते सांगणं. आणि दोन्हींत जास्त मोलाचं तेच होतं. ऐकलेली गोष्ट मनात नीट लावायची, समोरच्याला त्यातलं काही ठाऊक नाही असं धरून थोडक्यात समजावायची, हे इंजिनिअर झालेल्या कित्येकांना जमत नाही. मग मुलाखतीच्या आधी तेच शिकायला ते पैसे मोजतात. तुमच्या घरी ते रोज रात्री फुकट चाललं होतं. ती वही तर फाडूनच टाका. तिच्यात किती मिनिटं बघितलं ते आहे, काय बघितलं याची एकही नोंद नसणार.

तुम्ही तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र देते. तो निळा रंग लॅपिस लाझुली या दगडाचा. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा, म्हणजे मुलगी बरोबर सांगत होती. त्याला निळेपणा येतो तो स्फटिकाच्या जाळीत अडकलेल्या, गंधकाच्या तीन अणूंनी बनलेल्या आयनामुळे. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, हा अकरावीच्या रसायनशास्त्रातलाच धडा आहे. जुन्या चित्रातला रंग न खरवडता ओळखायचा तर ज्या तंत्रांचा आधार घेतात, त्यांतलं एक रामन वर्णपटशास्त्र, म्हणजे वस्तूवर प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून ती कशाची आहे ते ओळखणं. हे रामन म्हणजे ज्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आपल्या गांधीसागर तलावाजवळ आहे तेच. अर्थखात्याच्या नोकरीत असताना काही काळ त्यांची बदली नागपूरला होती. आता चित्रं कुणाची? अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, आणि हरिषेण वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या वाशीमचा. जेवणाच्या ताटावर एवढं सगळं आलं होतं. कला-इतिहास एका बाजूला, विज्ञान दुसऱ्या बाजूला, हुशार असेल तर इकडे आणि नसेल तर तिकडे, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय आणि तो साफ चुकीचा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा डेहराडूनला आहे, सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठीची राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौला. तिथे दगड, धातू, रंग का झिजतात आणि कसे वाचवायचे यावर काम चालतं. त्या कामात रसायनशास्त्र लागतंच.

काकांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की यूपीएससी मुख्य परीक्षेच्या 1750 गुणांत ऐच्छिक विषयाचे 500 असतात. ती प्रशासनात जाणाऱ्यांची परीक्षा आहे. इतिहासाच्या आवडीला तिथे ऐच्छिकचे दोन पेपर आणि सामान्य अध्ययनाचा थोडा भाग, एवढीच जागा आहे.

यापुढचं मुलीला वाचायला द्या.

बाळा, बाबांची वही चुकीची होती, म्हणून तुझं सगळं बरोबर असं होत नाही. या मिनिटाला शनीची कडी, पुढच्या मिनिटाला हेमाडपंती देऊळ, त्यानंतर कुठल्या तरी राणीचा मुकुट. सकाळी उठल्यावर यातलं काय उरतं? व्हिडिओ संपल्यावर तुझा अंगठा काय करतो ते बघ. नुसता वर सरकत असेल तर ती करमणूक झाली. करमणुकीला माझी ना नाही, पण तिला आवडीचा विषय म्हणू नकोस. थांबून ‘हे यांना कसं कळलं?’ असं शोधावंसं वाटलं, तर गोष्ट वेगळी.

झिरो माइलचं घे. भारताचा मध्यबिंदू म्हणून त्याचे ढीगभर व्हिडिओ मिळतील. तू स्वतः जाऊन बघ. खांबाजवळ जो बुटका दगड आहे त्यावर 1907 साल आहे आणि जीटीएस ही अक्षरं आहेत. तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा बेंचमार्क, समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठी बसवलेला. मग मध्यबिंदूची गोष्ट आली कुठून? आणि 1907 सालच्या भारताच्या नकाशात काय काय होतं? यावर एक पान लिही, मराठीत, आणि बाबांना वाचून दाखव. कंटाळा आला तर तेही कळू दे, त्यातही माहिती आहे.

फीड पुढ्यात टाकेल ते बघत बसण्याऐवजी नाव टाकून शोधायची सवय लाव. मोठ्या संग्रहालयांची स्वतःची चॅनेल आहेत. स्मार्टहिस्टरी हा उपक्रम दोन कला-इतिहासकारांनी 2005 मध्ये सुरू केला. तिथे चित्रासमोर उभं राहून बोलावं तसं बोलतात. व्हिडिओ कुणी केला आणि माहिती कुठून घेतली हे खाली दिलेलं नसेल, तर त्यावर अर्धाच विश्वास ठेव. आणि नागपुरात राहून फक्त स्क्रीनवर इतिहास बघणं म्हणजे कमाल आहे! अजबबंगला, म्हणजे आपलं संग्रहालय, 1863 पासून उभा आहे. जुनापाणीची शिळावर्तुळं शहराला लागून आहेत, मनसर आणि नगरधन ही प्राचीन ठिकाणं रामटेकच्या वाटेवर. पुरातत्त्व खात्याची उत्खनन शाखा आपल्या शहरात आहे आणि अरबी-फारसी शिलालेख वाचणारी शाखाही.

भाऊ, पुन्हा तुमच्याकडे येते. सायन्स सोडायची आत्ता काहीच गरज नाही. जेईई, सीईटी, आयसर, सीयूईटी या प्रवेश परीक्षांचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. पुरातत्त्वाकडे वळायचं झालंच, तर नागपूर विद्यापीठात त्याचा विभाग आहे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विज्ञानाचे पदवीधरही एम.ए.ला जातात. संग्रहालयशास्त्रासाठी बडोदा आहे. सरकारी जागा थोड्या निघतात आणि कमाई उशिरा सुरू होते, हे लपवत नाही. पण सोळाव्या वर्षीच्या कुतूहलावर मी आज करिअरचं नाव लिहून देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तिला पुढे इंजिनिअर व्हावंसं वाटेलही.

मार्क का घसरले, याचं कारण तुम्ही व्हिडिओ धरलंत. महिनाभर मोबाइल नाही तरी फरक नाही, हेही तुम्हीच लिहिलंत. रात्रीचं बघणं तरी कमी झालंच असेल, म्हणजे कारण बहुधा दुसरं आहे आणि ते फक्त तिलाच ठाऊक असेल. बॅच झेपत नसेल, गणितात मागचं काही कच्चं राहिलं असेल, किंवा झोप पुरत नसेल.

म्हणून हप्ता भरण्याआधी तिला विचारा, क्लास हवा आहे का आणि नेमकं कुठे अडतंय. विचारून झालं की मध्ये बोलू नका. ती ‘नको’ म्हणाली, तर आठ दिवस थांबा. क्लासवाले आठ दिवसांनीही पैसे घेतात.