पहिला विज्ञान कार्यक्रम घेताय ना, मग हे वाचा

पहिलाच कार्यक्रम २८ फेब्रुवारीला ठेवू नका. विज्ञान दिनाला तालुक्यातल्या शाळा आपापल्या प्रदर्शनात गुंतलेल्या असतात. तुम्हाला ना हॉल मिळणार ना मुलं. त्यापेक्षा मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस धरा. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली बुडाशीच गडप होते. कोल्हापुराकडे हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपुराकडे शेवटच्या. गावाच्या अक्षांशावरून तारीख काढायची. पावसाळ्यात तो पुन्हा येतो म्हणा, पण ढगांत कोण बघतंय!

खर्च जवळजवळ नाहीच. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचे तुकडे आणा आणि ओळंब्याने सरळ उभे करा. पाइप जरा कलला तरी सावली दिसणारच. हा क्षण बाराच्या ठोक्याला येत नाही. कोल्हापुरात साडेबारा होतात, नागपुरात थोडा आधी. हे जाहिरातीतच लिहा, नाहीतर लोक बारा-पाचला 'फसवलं' म्हणत घरी जातात. सुट्टीत शाळा ओस असते, म्हणून आठवडी बाजाराजवळ मांडा. प्यायचं पाणी भरपूर ठेवा. मुलांना सूर्याकडे नाही, जमिनीकडे बघायला सांगा. प्रमुख पाहुण्यांचं भाषण नंतर. त्यांना उशीर झाला म्हणून सूर्य थांबत नाही.

रात्री दुर्बीण लावणार असाल तर पौर्णिमा टाळा. शुक्ल अष्टमीच्या आसपास चंद्रावरच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, विवरं ठसठशीत दिसतात. पौर्णिमेला सगळं सपाट.