तिचे प्रश्न एक नव्हे, तीन आहेत

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. टोलनाक्यावर गाडी थांबली असता पैसे मागायला आलेल्या तृतीयपंथीयांना पाहून तिने विचारले, "हे बाई आहेत की पुरुष? मोबाइलवर 'गे' म्हणतात ते हेच का?" मी विषय टाळला. या वयात असले काही सांगू नये, असे सासूबाईंचे मत आहे. पाळीविषयीसुद्धा मी अजून तिच्याशी बोललेले नाही. काय सांगावे आणि किती? – एक आई, सातारा

उत्तर : सुरुवात पाळीपासून करा, आणि तीही याच आठवड्यात. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारणपणे 8 ते 13 या वयात सुरू होतात आणि छातीची वाढ दिसू लागल्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षांत पाळी येते; तेव्हा सातवीतल्या मुलीला हे सांगणे लवकर तर नाहीच, थोडे उशिराचेच आहे. 'शूची जागा' एवढ्यावर भागवलेल्या मुलींना मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदद्वार ही तीन वेगळी द्वारे आहेत, हेही पुष्कळदा ठाऊक नसते. अवयवांची खरी नावे माहीत असली की दुखणे डॉक्टरांना सांगता येते, आणि कोणी नको तसा हात लावला तर तेही घरी स्पष्ट सांगता येते. सासूबाईंना हे दुसरे कारण सांगून पाहा. बहुतेक आज्यांना ते पटते.

आता टोलनाक्यावरचा प्रश्न. शरीर कसे आहे, मनाने आपण स्वतःला कोण मानतो आणि आपल्याला ओढ कोणाची वाटते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण मोठी माणसेच त्यांची गल्लत करत असल्यामुळे मुलांचाही गोंधळ होतो. तिने पाहिलेल्यांपैकी बहुतेकांचा जन्म पुरुषाच्या शरीरात झालेला असतो, पण त्यांना स्वतःची ओळख स्त्री किंवा तृतीयपंथी अशी वाटते, आणि त्यांतील अनेक जण गुरू-चेल्यांच्या परंपरेत राहतात. 'गे' या शब्दाचा संबंध मात्र ओढीशी आहे : पुरुषाची ओढ वाटणारा पुरुष स्वतःला पुरुषच मानत असतो. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली मान्य केला. प्रौढांमधील संमतीने असलेले समलिंगी संबंध 2018 साली गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. एवढे सांगून थांबलात तरी चालेल. लैंगिक क्रियांचा तपशील तिने विचारलेला नाही; विचारील तेव्हा सांगावा. 'बाई की पुरुष' हे गाडीत बसून आपण ठरवायचे नसते, बोलताना 'ताई' म्हणावे, हे मात्र अवश्य सांगा.

तृतीयपंथी जन्मतःच वेगळ्या अवयवांचे असतात, हा समज बहुतेकांच्या बाबतीत खरा नाही. तशी शरीरे असतात. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. गुणसूत्रांच्या 23 जोड्यांपैकी एक जोडी लिंगाशी निगडित असते आणि वाय गुणसूत्रावरील एका जनुकामुळे गर्भात वृषण घडू लागतात, पण त्यांच्या संप्रेरकांना शरीराने प्रतिसादच दिला नाही, तर एक्स-वाय गुणसूत्रे असलेले बाळही बाहेरून मुलीसारखे दिसते, मुलगी म्हणूनच वाढते, आणि पाळी न आल्यामुळे केलेल्या तपासणीत कधी कधी ही गोष्ट प्रथमच कळते. अर्थात पाळी लांबण्याची इतर साधी कारणे पुष्कळ आहेत. म्हणून मुलीला 13व्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही किंवा 15व्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. नवस-उपास करायचेच असतील तर ते तपासणीनंतर करावेत.