सौर पंपाने भूजल वाचतं का? विषय पक्का करण्याआधी

ऊर्जा-पाणी संबंधावर सध्या कुठे काम चाललंय आणि 'सौर पंपामुळे भूजल वाचेल' हा विषय एम.टेक.ला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. विषय चांगला आहे, गृहीतक मात्र चुकलंय. सौर पंप वीज आणि डिझेल वाचवतो, पाणी नाही. पॅनल बसलं की पुढचा प्रत्येक तास फुकटचा, मग मोटर कोण कशाला बंद करेल?

जर्मनीत बॉनला २०११ मध्ये झालेल्या परिषदेनंतर पाणी, ऊर्जा आणि अन्न यांचा एकत्र विचार रुळला. औष्णिक केंद्रांना लागणारं पाणी हा त्यातला एक मोठा प्रवाह. परळीचं केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. दुसरा प्रवाह तुमचा, शेतीपंपांचा. त्यात गुजरातच्या खेडा जिल्ह्यातली ढुंडीची सौर सहकारी मंडळी आधी वाचा. तिथे शेतकरी उरलेली वीज ग्रिडला विकतात, म्हणजे न उपसलेल्या पाण्याचेही पैसे मिळतात. पण तो गाळाच्या जमिनीचा भाग. आपल्या महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणात (बेसॉल्टमध्ये) विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते. तिथे उपशाला लगाम विजेचा नसून खडकाचा असतो. प्रबंधाचा खरा प्रश्न मला इथे दिसतो.

पंपाच्या कार्यक्षमतेचं मोजमाप सोपं आहे. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला ०.००२७२५ युनिट लागतं. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर तासाला १८ घनमीटर. उचल ४५ मीटर असेल तर हिशेबाने २.२ युनिट, वीजमीटरवर तासाला ५.५ दिसले तर कार्यक्षमता ४० टक्के.

चूक होते ती विहिरीतल्या पाण्याची पातळी घेताना. सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आत टेप सोडली तर उचल कमी भरते आणि चांगला पंपही वाईट ठरतो. तासभर उपसा झाल्यावर, मोटर चालू असतानाच पातळी घ्या आणि उचल त्या पाण्यापासून, धार बाहेर पडते त्या पाइपाच्या तोंडापर्यंत मोजा. पाइपातलं घर्षण वेगळं मिळवा. सौर पंपाला तर दुपारचं एकच माप घेऊन दिवसाचा उपसा काढूच नका. ढग आला की धार बारीक होते. दर तासाला ड्रम लावा, नाहीतर पाणीमीटर बसवा.

आणि सौर पंप नसलेली शेजारची एक विहीरही पावसाळ्याआधी आणि नंतर मोजत राहा, नाहीतर घटलेली पातळी पंपाची की कमी पावसाची, हे सांगता येणार नाही.