फॉर्म सबमिट केला तरी पीएचपीत फोन नंबर रिकामाच येतो, असं का?

बहुतेक इनपुटला नुसता आयडी दिलाय, नेम (name अ‍ॅट्रिब्यूट) दिलेलं नाही. ब्राउझर नेम असलेलीच फील्ड पाठवतो. आयडी जावास्क्रिप्ट-सीएसएसच्या कामाचा. इथे नाशकात, दिंडोरीच्या एका बागायतदारासाठी द्राक्षपेट्यांचा ऑर्डर फॉर्म करताना माझी अख्खी संध्याकाळ यातच गेली होती. नेम टाका, पोस्ट अ‍ॅरेत ($_POST, जिथे पीएचपीला फॉर्मची माहिती मिळते) नंबर दिसेल.

त्याच फॉर्मवर एकाने रिफ्रेश मारलं, फॉर्म पुन्हा पाठवला गेला आणि पाच पेट्यांच्या दहा झाल्या! म्हणून ऑर्डर सेव्ह झाली की लगेच ३०३ रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसरं पान उघडायला सांगणारं उत्तर) करून ‘धन्यवाद’च्या पानावर पाठवा. एचटीएमएलमधलं रिक्वायर्ड (फील्ड भरणं सक्तीचं करणारं) कोणीही काढून टाकू शकतं, तेव्हा तपासणी सर्व्हरवर पुन्हा कराच. डेटाबेससाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे क्वेरी आणि लोकांनी भरलेली माहिती वेगवेगळी पाठवा. आणि हो, डेटाबेसमधला फोनचा कॉलम इंटिजर (पूर्णांक) ठेवू नका, सुरुवातीचा शून्य गळतो.